सूरश्रींची ओळख : गोमंतकीय श्रोत्यांच्या श्रवणाचा इतिहास

देवस्थानच्या स्मरणिकेत देवालयाची स्थापना, मूर्तीचे स्थलांतर, जीर्णोद्धार आणि वार्षिक उत्सव यांचा इतिहास यावा, हे स्वाभाविकच आहे. आपल्या पूर्वजांनी कोणत्या संकटात श्रींची मूर्ती नदीपार आणली, कोणी जमीन दिली, सभामंडप कोणाच्या काळात उभा राहिला, ही माहिती पुढच्या पिढीला मिळालीच पाहिजे. परंतु त्या सभामंडपात जे गायिले गेले आणि जे ऐकले गेले, त्याचा इतिहास मात्र सहसा लिहिला जात नाही. गाणाऱ्यांची चरित्रे गेल्या काही दशकांत पुष्कळ प्रसिद्ध झाली. ऐकणाऱ्यांचा इतिहास अजून लिहावयाचाच आहे. वस्तुतः महाजन घराण्यांशी याच दुसऱ्या इतिहासाचा संबंध अधिक निकटचा आहे. कारण पिढ्यान्‌पिढ्या आपण ऐकणारेच होतो.

या लेखात एकाच गायिकेच्या निमित्ताने हा विषय मांडण्याचा मानस आहे. ती गायिका म्हणजे फोंडे महालातील केरी गावच्या सूरश्री केसरबाई केरकर. केरी हे श्रीविजयादुर्गेचे स्थान. कवळे, मंगेशी, म्हार्दोळ, नागेशी, रामनाथी ही मोठी क्षेत्रे याच महालात आहेत. एवढ्या देवालयांच्या सान्निध्यात जन्मलेला हा स्वर आपल्याच मंडळींना केव्हा आणि कोणत्या वाटेने कळला, या प्रश्नाचे उत्तर शोधू गेल्यास ते काहीसे विस्मयकारक आहे. आपल्या दाराशी जन्मलेली ही गायिका आपल्यापैकी बहुतेकांना परगावाहून कळली.

आडनावांतला नकाशा

हिंदुस्थानी संगीताच्या जुन्या मैफलींच्या जाहिराती आणि तबकड्यांच्या याद्या पाहिल्या, की एक गोष्ट चटकन नजरेत भरते. केरकर, कुर्डीकर, मालपेकर, शिरोडकर, मंगेशकर, पर्वतकर ही सारी आडनावे म्हणजे गोमंतकातील गावांची नावे आहेत. मुंबईच्या एखाद्या सभागृहाबाहेर लावलेल्या फलकावर आपल्या महालांचा आणि आपल्या देवळांचा नकाशाच जणू उमटलेला असे. अंजनीबाई मालपेकर (१८८३-१९७४) या पेडण्यातील मालपे गावच्या. १९५८ साली संगीत नाटक अकादमीची फेलोशिप मिळविणाऱ्या त्या पहिल्या महिला होत. लयभास्कर खाप्रुमामा पर्वतकर (१८८०-१९५३) यांचे आडनाव पर्वत या चंद्रेश्वर-भूतनाथाच्या स्थानावरून आले. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर (१९०४-२००१) यांना लहानपणी ज्या फिरत्या नाटक मंडळीत दाखल करण्यात आले, तिचे नावही याच देवावरून चंद्रेश्वर भूतनाथ संगीत मंडळी असे होते. त्यांचे कुर्डी गाव पुढे साळावली धरणाच्या पाण्याखाली गेले. उन्हाळ्यात पाणी ओसरले की त्याचे अवशेष दिसतात.

ही सर्व मंडळी ज्या समाजातून पुढे आली, तो देवालयांच्या सेवेशी बांधला गेलेला समाज होता. कलावंत, भावीण, देवळी अशा निरनिराळ्या नावांनी ओळखली जाणारी ही घराणी विसाव्या शतकात स्वतःच्या प्रयत्नाने संघटित झाली, शिक्षणाकडे वळली आणि गोमंतक मराठा समाज या नावाने उभी राहिली. राजाराम पैंगीणकर यांच्या ‘मी कोण?’ या आत्मचरित्रात या स्थित्यंतराची हकीकत वाचावयास मिळते. पालखीपुढे पदे म्हणणे, उत्सवात गाणे, चौघडा व वाजंत्री वाजविणे ही सेवा या घराण्यांकडे असे. आपण महाजन सभामंडपात बसून ती ऐकत असू. सेवा देणारे आणि सेवा घेणारे यांच्यामधली पायरी त्या काळी सर्वांनीच गृहीत धरलेली होती.

आपल्या देवस्थानच्या जमाखर्चाच्या जुन्या वह्या प्रस्तुत लेखकाने काही काळ चाळल्या आहेत. त्यांत दिव्याचे तेल किती, नारळ किती, तांदूळ किती, कोणत्या भटजींना दक्षिणा काय दिली, हे सारे नावनिशीवार नोंदलेले आढळते. गाण्याच्या रकान्यात मात्र बहुधा ‘कलावंतांस’ एवढाच शब्द आणि पुढे रक्कम. कोण गायिले, काय गायिले, याची नोंद नाही. महाजनांच्या काटालोगात प्रत्येक पुरुषाचे नाव पित्याच्या नावासह काळजीपूर्वक लिहिणाऱ्या हातांनीच हा रकानाही लिहिला आहे. या एका शब्दाकडे पाहिले म्हणजे, आपला स्वर आपल्याला परगावाहून का कळावा लागला, याचा पहिला धागा हाती लागतो.

केरीहून मुंबईकडे

केसरबाईंचा जन्म १३ जुलै १८९२ रोजी केरी येथे झाला. वयाच्या आठव्या वर्षी त्यांना कोल्हापूरला नेण्यात आले व तेथे काही महिने खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांची तालीम मिळाली. गोव्यात परतल्यावर रामकृष्णबुवा वझे लामगावला मुक्कामास येत, त्या वेळी त्यांच्याकडे शिक्षण झाले. सोळाव्या वर्षाच्या सुमारास त्या मुंबईस गेल्या. तेथे सतारिये बरकतुल्ला खाँ, भास्करबुवा बखले आणि पुन्हा वझेबुवा अशा निरनिराळ्या गुरूंकडे तुटक तुटक तालीम झाली. एका जागी दीर्घ काळ बसून शिकण्याचा योग मात्र आला नाही.

तो योग १९२१ साली आला. जयपूर घराण्याचे प्रवर्तक खाँसाहेब अल्लादिया खाँ (१८५५-१९४६) यांनी त्यांना गंडा बांधला. खाँसाहेब कोल्हापूर दरबारचे गायक होते आणि १९२२ मध्ये छत्रपती शाहू महाराजांच्या निधनानंतर ते मुंबईस स्थायिक झाले. शिष्य स्वीकारण्याच्या बाबतीत ते कठोर होते. शेठ विठ्ठलदास द्वारकादास यांच्यासारख्या आश्रयदात्याची मध्यस्थी झाली, तेव्हा कोठे हे शिक्षण सुरू होऊ शकले. त्या वेळी केसरबाईंचे वय एकोणतीसच्या घरात होते. ज्या वयात इतर गायक नावारूपाला आलेले असतात, त्या वयात त्यांनी पूर्वी शिकलेले बाजूला ठेवून षड्जापासून नव्याने आरंभ केला आणि पुढची दहाहून अधिक वर्षे अखंड तालीम घेतली.

येथे आपल्या विषयाच्या दृष्टीने एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. केसरबाई गोवे सोडून गेल्या तेव्हा त्या ‘केसरबाई’ झालेल्या नव्हत्या. जो आवाज पुढे हिंदुस्थानभर गाजला, तो मुंबईत घडला. तेव्हा केरीच्या शेजारच्या मंडळींना तो आधी कळला नाही, यात नवल नाही. परंतु तो घडल्यानंतरही आपल्यापर्यंत यावयास इतका काळ का लागला, हे पाहिले पाहिजे.

नाटकाने घडविलेला कान

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गोमंतकीय श्रोत्याचा कान तीन ठिकाणी घडत असे : देवळात, कीर्तनात आणि नाटकात. जत्रेला नाटक व्हावयाचेच, आणि संगीत नाटक हा त्या काळी महाराष्ट्राप्रमाणे आपल्याकडेही जीव की प्राण असलेला विषय होता. मंगेशीचे दीनानाथ मंगेशकर (१९००-१९४२) यांच्या तेजस्वी, चपळ गायकीने तरुण श्रोत्यांना वेड लावले होते. नाट्यपद पाच-सात मिनिटांत रंगते. त्यात शब्द असतात, प्रसंग असतो आणि ‘वन्स मोअर’ असतो.

अशा कानाला जयपूर गायकी प्रथमदर्शनी अवघड वाटते. तीत शब्दांचे कौतुक नाही. चीज शिस्तीने मांडली जाते, स्थायी-अंतरा पुरा होतो आणि मग आकाराने एकेक आवर्तन भरले जाते. श्वास दीर्घ लागतो. स्वर सुटा ठेवला जात नाही. तो मागच्या-पुढच्या स्वरांत गुंफलेला येतो. समेवर येण्याची वाट दर वेळी निराळी असते. पण ती तालाच्या मात्रांतूनच, जराही घाई न करता काढलेली असते. त्यातच अनवट आणि जोड रागांचा भरणा. वामनराव देशपांडे यांनी आपल्या ‘घरंदाज गायकी’ (१९६१) या ग्रंथात घराण्यांची मांडणी करताना स्वर आणि लय यांचा समतोल साधणारे घराणे म्हणून जयपूर घराण्याला स्थान दिले आहे. हा समतोल ऐकणाऱ्याकडूनही काही अपेक्षा करतो. केवळ स्वरात बुडून जाणारा श्रोता येथे लय चुकतो; केवळ तानांची मोजदाद करणारा स्वर चुकतो.

म्हणूनच केसरबाईंचे जुने चाहते आपल्या पहिल्या श्रवणाविषयी बोलू लागले, की त्यांच्या सांगण्यात बहुधा एक साम्य आढळते. पहिल्या भेटीत गाणे कळले, असे सहसा कोणी सांगत नाही. ‘काही कळले नाही, पण उठवेना,’ असेच सांगतात. हा कबुलीजबाब प्रांजळ आहे आणि संगीताच्या दृष्टीने महत्त्वाचाही आहे. मोठी कला आधी माणसाला थांबविते. समज मागाहून येते.

पहिली वाट : मुंबईची मैफल

गोमंतकीयांची केसरबाईंशी ओळख पहिल्याप्रथम झाली ती मुंबईत. पोटापाण्यासाठी आपली मंडळी आगबोटीने किंवा मुरगाव-कॅसलरॉकच्या रेल्वेने मुंबई गाठीत. गिरगाव, ठाकुरद्वार, खेतवाडी या भागांत त्यांची बिऱ्हाडे असत. दिवसा पेढीवर किंवा कचेरीत काम, आणि रात्री एकाच खोलीत पाच-सहा जण. अशा एका ज्येष्ठ गृहस्थांकडून ऐकलेली आठवण येथे देण्याजोगी आहे. कापडबाजारातील एका पेढीवर ते लेखनिक होते. संगीताचा नाद असा नव्हता. एके दिवशी एका जलशाच्या जाहिरातीत ‘केरकर’ हे आडनाव त्यांनी वाचले. केरी म्हणजे आपल्या गावापासून डोंगरापलीकडे, एवढ्याच आपुलकीने ते गेले. मागच्या बाजूला उभे राहण्यापुरतीच जागा मिळाली. मध्यरात्र उलटेपर्यंत ते उभेच होते.

त्यांच्या आठवणीत राहिले ते राग नव्हेत. राहिली ती बैठक : ठसठशीत मुद्रा, मागे दोन तंबोरे, आणि सभागृहाच्या शेवटच्या ओळीपर्यंत तितक्याच भरदारपणे पोहोचणारा मोकळा आवाज. खर्जात तो बारीक होत नसे आणि तारसप्तकात तो ओरडत नसे. ‘हा आवाज देवळाच्या चौकात वाढलेला आहे, हे मला त्या रात्री समजले,’ असे ते म्हणत. संगीतशास्त्राच्या कसोटीवर हे विधान टिकेल की नाही, हे जाणकारांनी ठरवावे. परंतु परगावी एका खोलीत राहणाऱ्या माणसाला त्या आवाजात आपल्या गावचा चौक दिसला, हे सत्य त्या विधानात आहेच. पुढे ते गाणे ऐकायला शिकले. पगारातून पैसे बाजूला काढून त्यांनी पुढच्या काही वर्षांत केसरबाईंच्या अनेक बैठका ऐकल्या. सम कोठे येते हे आधी बोटांवर मोजीत; नंतर मोजणे सुटले.

या आठवणीतील एक बारकावा पाहण्यासारखा आहे. मुंबईच्या सभागृहात हे गृहस्थ मागच्या ओळीत उभे होते आणि केसरबाई व्यासपीठावर बसल्या होत्या. त्यांच्या गावच्या सभामंडपात हीच मांडणी कशी राहिली असती, हे वाचकांस सांगावयास नको. परगावी गेल्यावर जुनी पायरी गळून पडली, आणि म्हणूनच कलावंत आणि श्रोता यांची खरी भेट तेथे होऊ शकली.

दुसरी वाट : माजघरातील तबकडी

मुंबईची वाट पुरुषांपुरतीच होती. आपल्या घरांतील स्त्रियांची स्थिती निराळी होती. बैठकीच्या गाण्याला महाजन घराण्यातील स्त्रीने जाऊन बसणे त्या काळी शिष्टसंमत नव्हते. उत्सवातील गाणे त्या मंडपाच्या कडेला, खांबांआडून ऐकत. गाणारी बाई आणि ऐकणारी बाई एकाच गावच्या असूनही त्यांच्यामध्ये जे अंतर होते, ते ओलांडण्याची मुभा दोघींनाही नव्हती.

हे अंतर ग्रामोफोनने ओलांडले. केसरबाईंच्या तबकड्या हिज मास्टर्स व्हॉइस आणि ब्रॉडकास्ट या कंपन्यांनी काढल्या. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांची तबकडी एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे चाले. तासाभराचा पसारा असणारा राग एवढ्या वेळात बसविणे म्हणजे समुद्र लोट्यात भरण्यासारखेच. पण ललत, नटकामोद, बिहागडा, गौडमल्हार, मालकंस, ललितागौरी अशा रागांचे जे लोटे त्यांनी भरून ठेवले, त्यांतले पाणी समुद्राचेच आहे, हे ऐकणाऱ्यास पहिल्या आलापातच कळते.

कुत्र्याच्या चित्राची तबकडी, किल्ली देण्याचे यंत्र आणि सुयांची छोटी डबी आपल्या कित्येक घरांत मुंबईहून येणाऱ्या माणसाबरोबर आली. दुपारची निजानीज झाल्यावर माजघरात यंत्र लावले जाई. एका वृद्ध बाईंनी सांगितलेली आठवण अशी : त्यांच्या सासूबाई सोवळ्याओवळ्याच्या बाबतीत अत्यंत कडक होत्या. यंत्राला हात लावीत नसत. परंतु केसरबाईंची तबकडी लागली, की हातातील काम थांबवून भिंतीला टेकून बसत आणि ती संपली की, ‘दुसरी बाजू लावा,’ एवढेच म्हणत. समोर बसून ज्या बाईंचे गाणे त्यांनी कधी ऐकले नसते, त्यांचा आवाज घराच्या अगदी आतल्या दालनात, देवघराला लागून, रोज येऊ लागला. शेवटी त्या सासूबाई गाणारीचा उल्लेख ‘आमची केरयेची बाय’ असा करू लागल्या होत्या.

संगीताच्या इतिहासात ग्रामोफोनमुळे गायकीवर काय परिणाम झाला, याची चर्चा पुष्कळ होते. पण त्या यंत्राने आपल्या घरांत जे केले ते एखाद्या सुधारणा-परिषदेच्या ठरावालाही साधले नसते. ‘कलावंतांस’ या निनावी शब्दाच्या जागी, तबकडीच्या मधल्या गोल कागदावर, गायिकेचे नाव छापलेले होते, आणि अक्षरओळख असलेल्या मुलीकडून ते नाव वाचून घेतले जात होते.

बंद झालेली सीमा

याच सुमारास इतिहासाने एक आडवी भिंत घातली. गोवामुक्तीचे आंदोलन तीव्र झाल्यावर १९५५ साली गोवे आणि भारत यांच्यामधील दळणवळणावर कडक निर्बंध आले. मुंबईची वाट जवळजवळ बंद झाली. घरी आलेला माणूस परत जाऊ शकेना आणि गेलेला माणूस घरी येऊ शकेना. हा काळ १९ डिसेंबर १९६१ पर्यंत चालला.

आता केसरबाईंच्या आयुष्यातील तारखा या तारखांशेजारी ठेवून पाहाव्या. १९४८ साली कलकत्त्याच्या संगीतप्रेमी मंडळींच्या समितीने त्यांना ‘सूरश्री’ ही पदवी दिली. त्यांच्या गाण्याच्या चाहत्यांत रवींद्रनाथ ठाकूर यांचाही समावेश होता. १९५३ मध्ये संगीत नाटक अकादमीचा सन्मान झाला. म्हणजे त्यांची कीर्ती शिखरावर होती, त्याच वर्षांत गोव्यातील श्रोता त्यांच्यापासून तुटला. आणि १९६३-६४ च्या सुमारास, आवाजाला उतार लागण्यापूर्वीच, त्यांनी जाहीर गाणे थांबविले. गोव्याची मुक्ती आणि त्यांची निवृत्ती यांत उणीपुरी दोन-तीन वर्षे आहेत. मुक्त गोमंतकातील श्रोत्याला आपल्या या गायिकेचे गाणे मोकळेपणाने समोर बसून ऐकण्यासाठी इतिहासाने दिलेला अवधी एवढाच होता.

सीमा बंद होती त्या वर्षांत जी तरुण पिढी वाढली, तिला केसरबाई केवळ तबकडीतून आणि वडीलधाऱ्यांच्या तोंडून माहीत झाल्या. एका निवृत्त शिक्षकांनी सांगितले, की त्यांच्या गावी एका व्यापाऱ्याच्या ओटीवर संध्याकाळी तबकड्या लागत. एक तबकडी कडेला टवका उडालेली होती; तिची पहिली दोन आवर्तने ऐकावयास मिळत नसत. त्यामुळे तो राग त्यांच्या मनात कायमचा मधूनच सुरू होणारा राहिला. पुष्कळ वर्षांनी तीच तबकडी ध्वनिफितीवर पूर्ण ऐकली, तेव्हा आरंभ ऐकून आपण चुकीचे गाणे लावले की काय, असे त्यांना क्षणभर वाटले. एका पिढीच्या श्रवणाची सगळी कहाणीच या आठवणीत सामावली आहे.

तिसरी वाट : ग्रंथ आणि आकाश

मुक्तीनंतरच्या काळात ओळखीची तिसरी वाट उघडली, ती लेखणीची. गोपाळकृष्ण भोबे यांनी गोमंतकीय कलावंतांविषयी मोठ्या जिव्हाळ्याने लिहिले. पु. ल. देशपांडे यांच्या ‘गुण गाईन आवडी’ या पुस्तकातील केसरबाईंवरील लेखाने मराठी वाचकांच्या मनात त्यांची मूर्ती कायमची उभी केली. त्यांचा करारीपणा, चोख व्यवहार आणि विद्येविषयीचा कमालीचा अभिमान या लेखांतून लोकांना कळला. ज्यांनी एकही सूर ऐकला नव्हता, असे वाचक या लेखामुळे तबकड्या शोधू लागले. १९६९ मध्ये भारत सरकारने पद्मभूषण दिले आणि त्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने राज्य-गायिका म्हणून गौरविले. विद्या देण्याच्या बाबतीत त्याही आपल्या गुरूंप्रमाणेच कठोर होत्या. कोल्हापूरच्या धोंडूताई कुलकर्णी (१९२७-२०१४) यांना मात्र त्यांनी शिष्या म्हणून स्वीकारले.

१६ सप्टेंबर १९७७ रोजी केसरबाईंचे मुंबईत निधन झाले. त्यापूर्वी काही दिवस, २० ऑगस्ट आणि ५ सप्टेंबर या दिवशी, अमेरिकेने ‘व्हॉयेजर’ नावाची दोन याने अवकाशात सोडली होती. पृथ्वीवरील मानवाची ओळख म्हणून त्यांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एकेक तबकडी बसविलेली आहे. तीत जगभरच्या संगीतातील सत्तावीस रचना आहेत. हिंदुस्थानी संगीताची एकच आहे : केसरबाईंची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी. रॉबर्ट ब्राउन या संगीत-अभ्यासकांनी तिची शिफारस केली होती. निवड समितीचे प्रमुख शास्त्रज्ञ कार्ल सेगन होते. या मंडळींनी पुढे लिहिलेल्या हकीकतीवरून असे कळते, की ही ध्वनिमुद्रिका त्या वेळी सहजासहजी मिळेना. अखेर अॅन ड्रुयन यांना ती न्यूयॉर्कमध्ये एका भारतीय कुटुंबाच्या विजेच्या उपकरणांच्या दुकानात, टेबलाखाली ठेवलेल्या धुळकट खोक्यात सापडली. पहिले यान २०१२ मध्ये आणि दुसरे २०१८ मध्ये सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर, ताऱ्यांमधल्या पोकळीत पोहोचले.

ही हकीकत आता सर्वतोमुखी झाली आहे आणि आजच्या तरुणांना केसरबाईंची ओळख पुष्कळदा याच मार्गाने होते. आकाशात गेलेली बाई म्हणून ते प्रथम नाव ऐकतात, मग भ्रमणध्वनीवर ती भैरवी शोधतात, आणि मग त्या केरीच्या होत्या हे त्यांना समजते. आमच्या पिढीतील काहींना हा क्रम उलटा वाटतो. परंतु थोडा विचार केला तर तो मुळीच नवा नाही. मुंबईच्या पेढीवरील लेखनिकाला ती गिरगावात भेटली, माजघरातील सासूबाईंना ती कारखान्यात तयार झालेल्या तबकडीत भेटली, आणि आजच्या मुलाला ती अंतराळातून भेटते. घराकडे येण्याची वाट दर पिढीला जरा अधिक लांबून आली आहे, एवढेच. आणि प्रत्येक वेळी श्रोत्याने तोच प्रश्न विचारला आहे : ही आपल्याकडची ना?

आपल्याकडून काय व्हावे

केरी येथे आज त्यांच्या नावाचे विद्यालय आहे. त्यांच्या स्मरणार्थ कला अकादमीतर्फे संगीत समारोह भरविण्यात येत आले आहेत. हे सर्व योग्यच आहे. परंतु शासन आणि संस्था यांनी केले म्हणून देवस्थानांचे कर्तव्य संपत नाही. जी कला देवालयाच्या छायेत वाढली, तिची नोंद देवालयाच्या दप्तरात असली पाहिजे. अन्यथा पुढची पिढी आपल्याला विचारील, की तेलाचा आणि तांदळाचा हिशेब ठेवणाऱ्यांनी स्वरांचा हिशेब का ठेवला नाही? त्या प्रश्नाला आपल्याजवळ उत्तर नाही.

ज्याचे आयुष्य कागदपत्रांत गेले, त्याला सुचणारा उपायही कागदाचाच असावा, हे वाचकांनी समजून घ्यावे. देवस्थान समितीने एक स्वतंत्र नोंदवही करावी. तीत दोन भाग असावेत. पहिल्या भागात श्रींच्या सेवेत गायिलेल्या, नाचलेल्या, वाजविलेल्या माणसांची नावे, जेवढी आठवतील व पुराव्याने मिळतील तेवढी, त्या त्या घराण्यांच्या वंशजांना विचारून आणि त्यांच्या संमतीने लिहावी. त्यांच्या पुढच्या पिढ्या आज डॉक्टर, प्राध्यापक, अधिकारी, कलावंत म्हणून सर्वत्र आहेत. त्यांना सन्मानाने बोलावून ही माहिती घ्यावी. दुसऱ्या भागात महाजन घराण्यांतील ज्येष्ठ स्त्री-पुरुषांच्या श्रवणाच्या आठवणी नोंदवाव्या : कोणते गाणे, कोणत्या साली, कोठे, कोणाबरोबर ऐकले. घरोघरी माळ्यावर पडलेल्या जुन्या तबकड्यांची यादी करावी. ज्या देता येतील त्या देवस्थानकडे जमा कराव्या. खर्च म्हणावा तर एका उत्सवातील रोषणाईहूनही कमी येईल.

ही सूचना करण्यामागे पूर्वजांना दोष देण्याचा हेतू नाही. ते आपल्या काळाच्या रीतीने वागले आणि त्याच रीतीने त्यांनी ही देवालये राखली, म्हणून आज आपण येथे एकत्र येऊ शकतो. परंतु रीत बदलली, की तिच्यामागून हिशेबही दुरुस्त करावा लागतो. केसरबाईंसारख्या एका गायिकेचे नाव जगाने आपण होऊन नोंदविले. तिच्याआधी आणि तिच्याबरोबर याच मंडपांत गाऊन गेलेल्या शेकडो जणींची नावे जग नोंदविणार नाही. ती कोणास ठाऊक असतील तर आपल्यालाच, आणि ज्यांना ठाऊक आहेत ती माणसे आता थोडीच उरली आहेत. या वर्षीच्या उत्सवापूर्वी त्या वहीचे पहिले पान लिहिले जावो, एवढीच श्रीचरणी प्रार्थना.